नोंद नसलेली माणसे

बडोदे शहराच्या उत्तरेकडे, शहराला आता जवळजवळ येऊन मिळालेले छाणी नावाचे गाव आहे. छायापुरी हे त्याचे जुने नाव समजले जाते, व अलीकडे तेथे जे नवे रेल्वे स्टेशन झाले त्यालाही हेच नाव देण्यात आले आहे. दिल्लीकडे जाणाऱ्या काही गाड्या बडोद्याच्या मुख्य स्टेशनात न शिरता येथेच थांबतात. गुजरातेत या गावाचा लौकिक मुख्यतः दोन गोष्टींसाठी आहे. एक, तेथील जैन ज्ञानभांडारे, ज्यांत ताडपत्रांवरील पोथ्या जपून ठेवलेल्या आहेत. आणि दुसरी, या एका गावातून दीक्षा घेऊन घराबाहेर पडलेल्या साधुसाध्वींची मोठी संख्या. पिढ्यान्‌पिढ्या येथल्या घरांतून कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी, कधी एखादे सबंध कुटुंबच संसार सोडून गेले आहे.

घर सोडून जाणे ही गोष्ट या गावाला नवी नाही, पण त्या जाण्याची रीत मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. दीक्षेचा दिवस ठरलेला असतो. गावातून वरघोडा निघतो, वाद्ये वाजतात. जाणाऱ्याचे जुने नाव जाते व नवे नाव मिळते, आणि ते सर्वांना सांगितले जाते. तो कोणत्या गुरूंच्या समुदायात आहे, यंदाचा चातुर्मास कोठे आहे, हे घरच्यांना विचारता येते. आईचे डोळे तेव्हा ओले होत नसतील असे नाही. परंतु मुलगा कोठे गेला, कोणाबरोबर गेला व कोणत्या तिथीला गेला, हे तिला ठाऊक असते.

बडोदे संस्थानाला तेवढ्यानेही समाधान नव्हते. अज्ञान मुलांना दीक्षा देण्यास प्रतिबंध करणारा निबंध (संस्थानात कायद्याला निबंध म्हणत) सयाजीराव महाराजांच्या सरकारने १९३३ साली केला. त्याला धार्मिक लोकांचा कडवा विरोध झाला. तो कायदा योग्य होता की नव्हता या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. मला त्यामागची भूमिका महत्त्वाची वाटते. एखादे मूल घरातून नाहीसे होऊन दुसऱ्याच्या ताब्यात जाते, तर ते कोणाच्या ताब्यात आहे हे विचारण्याचा सरकारला अधिकार आहे, नव्हे ते सरकारचे कर्तव्यच आहे, अशी ती भूमिका होती. पण माणूस जेव्हा सरकारच्याच ताब्यातून नाहीसा होतो, तेव्हा हा प्रश्न कोणी कोणाला विचारावयाचा?

छाणीहून शहरात येताना प्रथम छाणी जकातनाका लागतो. गुजरातेत जकात २००७ साली बंद झाली, नाक्याचे नाव तेवढे राहिले. पुढे निझामपुरा व त्यानंतर फतेगंज. या फतेगंज भागातल्या पोलीस ठाण्याचे नाव २०२० साली वर्तमानपत्रांतून गाजले. तेलंगणातील कामारेड्डीकडचा बाबू शेख नावाचा, साठी ओलांडलेला एक फिरता कापडविक्या डिसेंबर २०१९ मध्ये बडोद्यात आला होता. चोरीच्या संशयावरून पोलिसांनी त्याला उचलले. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. घरच्यांनी शोधाशोध केली. सात-आठशे किलोमीटरांवरून परक्या मुलुखात येऊन, परक्या भाषेत, आपला बाप कोठे आहे हे विचारत फिरणे म्हणजे काय असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. अखेर मुलाने गुजरात उच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज केला. तेव्हा कोठे चौकशीची चक्रे हलली, व जुलै २०२० मध्ये त्या ठाण्याच्या निरीक्षकासह सहा पोलिसांवर गुन्हा नोंदला गेला. ठाण्यात मारहाण होऊन म्हातारा मरण पावला व त्याच्या देहाची परस्पर विल्हेवाट लावण्यात आली, असा तो आरोप आहे.

ज्ञानभांडारातल्या जुन्या पोथीच्या शेवटी लेखक आपले नाव, गाव, संवत व तिथी लिहून ठेवी. कोणासाठी नक्कल केली तेही लिही. म्हणूनच काही शतकांपूर्वीची पोथी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली हे आज सांगता येते. आणि त्याच शहराच्या एका सरकारी कचेरीत जिवंत माणूस आत गेला, तर त्याच्या नोंदीसाठी मुलाला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते.

अशा घटनांविषयी बोलताना आपली भाषाच आपल्याला फसवते असे मला पुष्कळदा वाटते. एस. टी. स्टँडवर चिकटवलेले कागद आपण रोज पाहतो. मिरजेला, निपाणीला, बेळगावला ते दोन्ही भाषांत असतात. मराठीत ‘हरवला आहे’ किंवा ‘बेपत्ता’, आणि शेजारी कन्नडमध्ये ‘काणेयागिद्दारे’. हरवला, बेपत्ता झाला, परागंदा झाला, पळाला या सगळ्या क्रियापदांचा कर्ता जाणारा माणूस स्वतःच आहे. कोणी त्याला नेले, कोणी लपविले, याला त्या वाक्यांत जागाच नाही. ‘नाहीसा झाला’ आणि ‘नाहीसा केला’ यांत फक्त एका क्रियापदाचा फरक आहे, पण एवढ्याशा फरकासाठी माणसांनी आयुष्ये वेचली आहेत. अर्जेंटिनात १९७६ नंतरच्या लष्करी राजवटीत हजारो तरुण असे उचलून नेण्यात आले. त्यांच्या आया एप्रिल १९७७ पासून राजधानीतल्या चौकात जमू लागल्या. एका जागी उभे राहावयाचे नाही, चालत राहा, असे पोलिसांनी बजावले, तेव्हा त्या डोक्याला पांढरा रुमाल बांधून दर गुरुवारी चौकाभोवती चालू लागल्या. ‘आमची मुले हरवलेली नाहीत, तुम्ही ती नेली आहेत’ हाच त्या चालण्याचा अर्थ होता.

अर्जेंटिना फार दूर आहे, म्हणून जवळचे सांगतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत अनिकेत कोथळे या सव्वीस वर्षांच्या तरुणाला लुटमारीच्या एका गुन्ह्यात पोलिसांनी पकडले. घरचे ठाण्यात चौकशीला गेले तेव्हा, तो व त्याचा साथीदार पळून गेले असे त्यांना सांगण्यात आले. घरच्यांना ते पटेना. ते ठाण्यासमोरून हलेनात व त्यांनी गवगवा केला. दोनच दिवसांत बाहेर आले की तो कोठडीतच मारहाणीने मरण पावला होता आणि त्याचा देह शंभरांहून अधिक किलोमीटर दूर, आंबोलीच्या घाटात नेऊन जाळण्यात आला होता. संबंधित पोलिसांना अटक झाली व खटला उभा राहिला. आंबोलीला आपल्या महाविद्यालयांच्या सहली जातात, हे येथे मुद्दाम आठवून द्यावेसे वाटते.

येथे घरच्यांचे हटून बसणे हाच सर्वांत मोठा पुरावा ठरला. ‘पळाला’ या शब्दावर विश्वास ठेवून ते घरी गेले असते, तर त्या तरुणाचे नाव फरारी आरोपींच्या यादीत आजही असते, आणि एखाद्या रात्री पोलीसच त्याच्या घरी येऊन ‘तुमचा मुलगा कोठे लपवला आहे?’ असे विचारते झाले असते.

ही अतिशयोक्ती नाही. परभणीच्या ख्वाजा युनूसच्या बाबतीत जवळजवळ असेच घडले. हा सत्तावीस वर्षांचा अभियंता परदेशात नोकरी करीत होता व सुटीवर घरी आला होता. २ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत घाटकोपरला बसमध्ये बाँबस्फोट झाला. त्याच्या तपासात त्याच महिन्यात युनूसला पकडण्यात आले. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले, की त्याला औरंगाबादकडे नेत असता पारनेरजवळ जीपला अपघात झाला व ती संधी साधून तो पळाला. त्याच्याबरोबर कोठडीत असलेल्या एका सहआरोपी डॉक्टरने मात्र न्यायालयात सांगितले, की युनूसला पट्ट्याने मारताना व त्याला रक्ताची उलटी होताना आपण पाहिले आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने गुन्हे अन्वेषण विभागाने तपास केला. पलायनाची हकीकत बनावट ठरली व चौदा पोलिसांवर ठपका आला. शासनाने खटल्यास परवानगी दिली ती चौघांविरुद्ध. स्फोटाच्या मूळ खटल्यातले आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. युनूसच्या आईला वीस लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. खटला मात्र वर्षानुवर्षे जागचा हलेना. त्यातील आरोपी पोलिसांना २०२० मध्ये पुन्हा सेवेत घेण्यात आले. त्यांच्यातला एक पुढच्याच वर्षी भलत्याच गाजलेल्या प्रकरणात सापडून बडतर्फ झाला, आणि त्यानिमित्ताने युनूसचे नाव वर्तमानपत्रांतून परत दोन दिवस चमकले. मुलाचा देह आईला मिळालेला नाही. तो मिळण्याची आशाही आता कोणी धरीत नाही.

खुनापेक्षा हा गुन्हा वेगळा कसा, असे कोणी विचारील. खून झालेल्या माणसाच्या घरी निदान दुःखाला सुरुवात करता येते. दहावा, तेरावा होतो, चाळिसावा होतो, शेजारपाजारचे येऊन बसतात. बेपत्ता माणसाच्या घरी सांत्वनाला जाणेही अवघड, कारण गेलो तर तो मेला असे आपण ठरवल्यासारखे होते. मराठी माणसाला हे समजून घेण्यासाठी परदेशी उदाहरणाची गरज नाही. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले. देह सापडला, त्याला अग्नीही दिला, असे सांगणारे पुढे आले. परंतु पार्वतीबाईंनी ते मानले नाही. त्या १७८३ मध्ये वारल्या, तोवर बावीस वर्षे त्यांनी कुंकू पुसले नाही. मधल्या काळात एक तोतया भाऊ म्हणून पुढे आला, पंचांच्या चौकशा झाल्या, बंड झाले व १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ नाटकामुळे हा भाग पुष्कळांना माहीत आहे. पण आपण त्या गोष्टीतला तोतया लक्षात ठेवतो, आणि कोणताही निरोप विश्वासाचा न वाटणारी ती बाई विसरतो. त्या वेळी तिच्या घरी सत्ता होती, पैसा होता, चौकशीला कारभारी मंडळ होते. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही त्या घरांचे काय होत असेल?

आपल्या धर्मशास्त्राने ही अडचण ओळखली होती. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचा दाह करावयाचा, असा पालाशविधी सांगितलेला आहे, व बारा वर्षे वाट पाहण्याची रूढी आहे. इंग्रजी अमदानीतल्या पुराव्याच्या कायद्याने ही मुदत सात वर्षांवर आणली. ज्यांना एरवी त्या माणसाची खबर लागली असती अशांना सात वर्षे काहीच कळले नाही, तर तो मेला असे न्यायालयाने गृहीत धरावे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हीच तरतूद कायम आहे. कोर्टाला सात वर्षे सोयीची असतील, पण तेवढ्या काळात त्या घरातल्या बाईला वारसाचा दाखला नाही, नवऱ्याच्या खात्यातले पैसे काढता येत नाहीत, जमिनीच्या उताऱ्यावर नाव चढत नाही, आणि ती विधवा नसल्यामुळे विधवांसाठी असलेली मदतही नाही. काश्मीरमध्ये अशा स्त्रियांना ‘अर्धविधवा’ म्हणू लागले. तेथे परवीना अहंगर या बाईंचा मुलगा १९९० मध्ये नेला गेला. त्यांनी अशाच इतर पालकांना जमवून १९९४ मध्ये एक संघटना उभी केली.

आता मुद्दा महाविद्यालयांचा. एवढ्यासाठी एक जुने उदाहरण जरा विस्ताराने सांगावयास हवे, कारण आपल्या आवारातल्या माणसांना काय करता येते ते त्यात दिसते.

आणीबाणीच्या काळात, १ मार्च १९७६ रोजी पहाटे, कालिकतच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहातून राजन नावाच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी उचलून नेले. नक्षलवाद्यांनी एका पोलीस ठाण्यावर हल्ला केला होता, त्याचा तपास चालू होता. प्राचार्य बहाउद्दीन यांनी त्याच दिवशी मुलाच्या वडिलांना रजिस्टर पत्र पाठवून ही गोष्ट कळविली. आणीबाणीत, पोलिसांच्या कारवाईविषयी, एका सरकारी संस्थेच्या प्राचार्यांनी असे पत्र पाठविणे ही साधी गोष्ट नव्हती. राजनचे वडील ईच्चर वारियर हे हिंदीचे प्राध्यापक होते. त्यांनी मंत्र्यांचे, अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले, अर्ज केले, तुरुंग पालथे घातले. न्यायालयात जाण्याची सोय तेव्हा नव्हती. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी देहोपस्थितीचे अर्ज ऐकता येतात असे ठरविले होते, मुंबई उच्च न्यायालय त्यांतलेच एक. पण सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने तो दरवाजा बंद केला. एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळे राहिले. त्या बहुमतात आपले यशवंतराव चंद्रचूड होते, आणि ४१ वर्षांनी, २०१७ मध्ये, तो निकाल चुकीचा होता हे लिहिण्याचे काम त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्याकडे आले.

आणीबाणी उठली व मार्च १९७७ मध्ये वारियरांनी केरळ उच्च न्यायालयात अर्ज दाखल केला. राजनला आम्ही पकडलेच नव्हते, असे सरकारने शपथेवर सांगितले. त्या वेळी ते पत्र उपयोगी पडले. प्राचार्यांनी साक्ष दिली. ज्यांनी त्याला पोलिसांच्या गाडीत पाहिले होते ते पुढे आले, ज्यांनी त्याला कक्कयमच्या छावणीत पाहिले होते तेही बोलले. न्यायालयाने एप्रिलमध्ये निर्णय दिला, की राजनला पोलिसांनीच नेले होते व त्याला हजर करावे. हजर करण्यासाठी तो जिवंत नव्हता. आणीबाणीत गृहमंत्री असलेले व नुकतेच मुख्यमंत्री झालेले करुणाकरन यांना पद सोडावे लागले. देह मिळाला नाही तो नाहीच. आईचे मन आधीच दुबळे झालेले होते, म्हणून मुलगा गेल्याचे वडिलांनी तिला सांगितलेच नाही. ती शेवटपर्यंत त्याची वाट पाहत राहिली. वारियरांनी पुढे मल्याळममध्ये आपल्या आठवणी लिहिल्या. ते २००६ मध्ये वारले. ‘पिरवी’ हा १९८९ चा मल्याळम चित्रपट याच घटनेवरून सुचलेला आहे.

यात प्राचार्यांनी मोर्चा काढला नव्हता की भाषण केले नव्हते. त्यांनी एक पत्र लिहिले, त्यावर तारीख घातली व ते रजिस्टर केले. पुढे साक्षीच्या वेळी ते कचरले नाहीत. एवढ्यामुळे सरकारचे प्रतिज्ञापत्र खोटे ठरले. आपल्याकडे हजेरीपट, वसतिगृहाचे रजिस्टर, आवक-जावक नोंदवही या कटकटी समजल्या जातात. (परीक्षेच्या काळात मीही त्यांना कटकटच म्हणतो.)

विद्यार्थ्यांचेही उदाहरण आहे. १९८२ मध्ये मणिपुरात सैन्याने दोघांना छावणीत बोलावून नेले. एक गावच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, दुसरे चर्चचे साहाय्यक धर्मोपदेशक. ते परतले नाहीत. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला तो सेबास्टियन होंग्रे या दिल्लीतल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने. ते दोघे छावणीतून सुखरूप निघून गेले, असे सरकारने सांगितले. न्यायालयाने ते मानले नाही व १९८४ मध्ये दोघांच्या पत्नींना प्रत्येकी एक लाख रुपये देण्याचा हुकूम केला. ‘शेवटचा ज्याच्या हाती दिसला, त्याने हिशेब द्यावा’ हे तत्त्व या निकालात आहे, आणि माझ्या मते या सर्व विषयाचे सार तेवढेच आहे. मुलगा कोठे आहे हे आईने सिद्ध करण्याचे कारण नाही. ज्याने नेला त्याने ते सांगितले पाहिजे.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. अटक केलेल्याला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे, हे घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदातच आहे. १९९३ मध्ये ओरिसातील एका आईने पाठविलेले नुसते पत्र अर्ज समजून सर्वोच्च न्यायालयाने तिच्या कोठडीत मेलेल्या मुलाबद्दल भरपाई देवविली. १९९६ च्या डी. के. बसू प्रकरणात न्यायालयाने घालून दिले, की अटक करताना अटकपत्र लिहावे, त्यावर वेळ व तारीख असावी, घरच्या किंवा गावच्या एका साक्षीदाराची सही असावी आणि नातलगाला कळवावे. २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून त्यांतले चित्रण दीड वर्ष जपावे असा आदेश झाला. आणि फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने एक कलम आले, जे २०२३ च्या नव्या संहितेतही आहे. कोठडीत कोणी मरण पावला, ‘किंवा नाहीसा झाला’, तर दंडाधिकाऱ्यांनी स्वतंत्र चौकशी केलीच पाहिजे. ‘नाहीसा झाला’ हे शब्द आपल्या कायद्यात आहेत ही गोष्ट पुष्कळ वकिलांच्याही ध्यानात नसते.

नाही ते एवढेच, की माणूस नाहीसा करणे हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा नाही. देह सापडला तर खून, नाही सापडला तर अपहरण, पुरावा नष्ट करणे, खोटी कागदपत्रे करणे अशा तुकड्यांत तो वाटला जातो. म्हणजे देह जितका नीट लपवला असेल तितका आरोप हलका होण्याची शक्यता. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये याविषयी करार तयार केला, त्यावर भारताने २००७ मध्ये सही केली. त्याला मान्यता मात्र दिलेली नाही, व त्याला अनुरूप कायदाही केलेला नाही. शेजारच्या श्रीलंकेने, तेथे इतका रक्तपात होऊनही, २०१८ मध्ये असा कायदा केला. ३० ऑगस्ट हा दिवस जगात या माणसांसाठी पाळला जातो. आपल्याकडे त्या दिवशी काही घडल्याचे पाहण्यात नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारे सगळेच दुष्ट नसतात. चोर, दरोडेखोर, बाँब ठेवणारे यांच्यासाठी एवढे अश्रू का? ज्यांची मुले स्फोटात मेली त्यांचे काय? प्रश्न खरा आहे. पण युनूस ज्या गुन्ह्यात पकडला गेला त्यातले आरोपी निर्दोष सुटले, म्हणजे घाटकोपरला मेलेल्यांच्या घरांनाही न्याय मिळाला नाही. खोटी हकीकत रचण्यात जो वेळ जातो तो खऱ्या गुन्हेगाराला सोडून जातो. पोलीस शिपायाचे बारा-बारा तासांचे काम, वरून येणारा ‘लवकर निकाल लावा’ असा दबाव, तपासाच्या साधनांची वाण, हे सारे मला मान्य आहे, आणि पोलीस खात्यात आपलेच माजी विद्यार्थी आहेत. त्यांच्या बाजूनेही विचार केला तरी अटकपत्र लिहिणे हे त्यांच्याच संरक्षणाचे आहे. ज्याची नोंद झाली आहे, डॉक्टरने ज्याला तपासले आहे, त्याच्याबद्दल नंतर कोणी खोटा आरोप करू शकत नाही.

मग आपण काय करावे? निषेधाचे ठराव करून भागणार नाही, ते फाईलला लागतात. या कुटुंबांना ज्या गोष्टींची वाण असते त्या साध्या असतात. ठाण्यात जाताना बरोबर एक लिहितावाचता माणूस. तोंडी सांगितलेली तक्रार लेखी करून देणे व तिची पोच घेणे. कोण काय म्हणाले, कोणत्या वेळी म्हणाले, याची त्याच रात्री वहीत टिपणे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना, दलित-आदिवासींना व कोठडीत असलेल्यांना वकील फुकट मिळतो, हे सांगणे व तेथपर्यंत नेणे. आणि भाषा. आपल्या सीमाभागात पकडला जाणारा एका राज्यातला, ठाणे दुसऱ्या राज्यातले, हे नित्याचे आहे. कागद कन्नडमध्ये, आई मराठी बोलणारी, किंवा उलट. ज्या महाविद्यालयाच्या नियतकालिकाला मराठी व कन्नड असे दोन विभाग आहेत, तेथे हे काम करू शकणारी शंभर मुले-मुली एकाच आवारात सापडतात. बडोद्यात वणवण करणाऱ्या त्या तेलंगणाच्या मुलाला असे कोणी भेटले असते तर त्याचे महिने वाचले असते असे मला वाटते.

माझी संपादक मंडळाला एक सूचना आहे. १९९६ च्या निकालाप्रमाणे अटकपत्रात कोणकोणत्या गोष्टी असाव्या लागतात, व घरच्यांनी पहिल्या चोवीस तासांत कोणकोणत्या तीन ठिकाणी लेखी अर्ज द्यावेत, याचा नमुना पुढील अंकात दोन्ही विभागांत छापावा. मराठी मसुदा मी देईन. कन्नड विभागाच्या प्राध्यापकांनी तो तपासून त्यांच्या भाषेत करावा. प्रत्येकी अर्धे पान पुरेल.